सांडपाण्यात जुळणाऱ्या सोयरिकी

भोपाळमधील चार इमली हा भाग म्हणजे मध्य प्रदेशातील मंत्री आणि वरिष्ठ सनदी अधिकारी यांच्या बंगल्यांची वसाहत. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात मैला मिसळला आणि जुलाब-उलट्यांनी शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली. तेव्हा चौकशी कोणाची, बदली कोणाची आणि भरपाई किती, हे ठरवणे ज्या वर्गाच्या हाती होते त्याचा हा पत्ता. स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे देशात पहिले येणारे होळकरांचे इंदूर आणि तेथे नर्मदेच्या शुद्ध केलेल्या पाण्याच्या वाहिनीवर, गळतीच्या जागीच उभे असलेले शौचालय, हा विरोधाभास इतका ठळक होता की सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरली. मृतांचा खरा आकडा किती यावरून सरकार आणि रहिवासी यांच्यात वाद झाला. वाहिनी, ठेकेदार, निविदा, निलंबन या साऱ्याची चर्चा होणे योग्यच होते.

एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. पाण्यात जीवाणू होते, हे ठीक, पण कोणते? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर साधारणपणे ‘ई. कोलाय आढळले’ या दोन-तीन शब्दांत संपते आणि बातमीही तेथेच संपते. वस्तुतः ई. कोलाय हे नाव नव्हे, आडनाव आहे. त्या आडनावाखाली निरुपद्रवी सज्जनांपासून मारेकऱ्यांपर्यंत सगळे नांदतात. आणि गेल्या काही दशकांतील संशोधन असे सांगते की या कुळातील वेगवेगळ्या घराण्यांचे मारेकरी एकमेकांची हत्यारे उचलून नवे, संकरित वाण जन्माला घालत आहेत.

जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून हा जीवाणू प्रथम वेगळा केला. तुमच्या-आमच्या आतड्यात तो जन्मापासून मुक्कामाला असतो आणि बहुधा काही बिघडवत नाही. पाण्याच्या तपासणीत त्याला शोधतात तेही तो स्वतः घातक असतो म्हणून नव्हे, तर तो सापडला म्हणजे पाण्याला विष्ठेचा स्पर्श झाला आहे, याची खूण पटते म्हणून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात आढळता कामा नये. या कुळातील रोगकारक घराण्यांपैकी तिघांची ओळख येथे पुरेशी आहे. पहिले कॉलऱ्याच्या विषाशी नाते सांगणारे विष सोडते आणि पाण्यासारखे जुलाब घडवते. आपल्याकडील लहान मुलांच्या अतिसाराचे ते एक मोठे कारण आहे. दुसरे शिगा विष सोडते. हगवणीचा जीवाणू शोधणारे जपानी संशोधक कियोशी शिगा यांच्यावरून हे नाव पडले. या विषाने रक्ती जुलाब होतात आणि काही रुग्णांत पुढे तांबड्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे बंद पडतात. गाई-म्हशींसारखी रवंथ करणारी जनावरे हे या घराण्याचे माहेर. तिसरे घराणे आतड्याच्या अस्तराला थरावर थर रचून चिकटते आणि दिवसेंदिवस हटत नाही. ते प्रामुख्याने माणसांतच राहते.

२०११ च्या मे महिन्यात जर्मनीत यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यांची सोयरीक झालेली दिसली. १९ मे रोजी हॅम्बुर्गहून देशाच्या रोगनियंत्रण संस्थेला, म्हणजे रॉबर्ट कॉख संस्थेला, कळवण्यात आले की तीन मुलांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाली आहेत. पाठोपाठ रुग्णांची रीघ लागली, आणि तीही अनपेक्षित. शिगा विषाचा हा विकार एरवी लहान मुलांना गाठतो; येथे बहुसंख्य रुग्ण प्रौढ होते आणि त्यांत स्त्रिया अधिक. जुलैअखेर साथ संपल्याचे जाहीर झाले तोपर्यंत सुमारे ३,८०० जण आजारी पडले होते, ८०० हून अधिक जणांना मूत्रपिंडांचा तो गंभीर विकार जडला होता आणि ५० हून अधिक माणसे दगावली होती. डायलिसिसची यंत्रे कमी पडण्याची वेळ युरोपातील एका संपन्न देशावर आली.

जीवाणू तपासला तेव्हा तो ओ१०४:एच४ नावाचा वाण निघाला. तिसऱ्या, चिकटून बसणाऱ्या घराण्यातील हा जीवाणू. पण त्याच्या पोटात शिगा विषाचे जनुक येऊन बसलेले. शिवाय अनेक प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमताही त्याने एका वेगळ्या जनुकीय तुकड्यातून मिळवलेली. आतड्याला घट्ट चिकटायचे आणि चिकटल्या जागेवरून विष सोडत राहायचे, असा हा दुहेरी मारा होता. आणि येथे गायीचा काही संबंध नव्हता. त्याचा पाया माणसात राहणाऱ्या घराण्याचा असल्याने त्याचा उगम माणसाच्या मैल्याशी जोडला गेला. ही बाब भागीरथपुऱ्यासारख्या वस्त्यांचा विचार करताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

साथीचे मूळ शोधण्याची कथा तर आपल्या स्वयंपाकघराशी येऊन भिडते. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईने स्पेनच्या काकड्यांवर ठपका ठेवला. स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल बाजारात पडून सडला. नंतर कळले की काकड्या निर्दोष होत्या. मग कोणत्या उपाहारगृहात कोणी काय खाल्ले याची चिकाटीने जुळवणी करण्यात आली आणि १० जूनला मोड आलेल्या कडधान्यांवर बोट ठेवले गेले. लोअर सॅक्सनीतील एका शेतावर हे मोड तयार होत होते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोजवळही हाच वाण दिसला. दोन्हीकडचा समान धागा निघाला तो मेथीच्या बियांचा. २००९ साली इजिप्तहून आलेल्या सुमारे १५ टन मेथीच्या एका खेपेपर्यंत माग पोहोचला. गंमत अशी की त्या बियांवर जीवाणू प्रत्यक्षात कधीच सापडला नाही. सिद्धता झाली ती कागदोपत्री, बिलांच्या आणि पावत्यांच्या साखळीतून. आपल्याकडे मोड आलेली मेथी वा मटकी उसळ करून, शिजवून खाण्याची रीत आहे, तिचे महत्त्व येथे कळते. ‘डाएट’ म्हणून कच्चे मोड डब्यात भरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की उबदार, ओलसर जागी दोन-तीन दिवस ठेवलेले बी जीवाणूंसाठीही तितकेच पोषक असते.

ही सोयरीक जुळते कशी, हे समजून घेतल्याशिवाय धोका समजत नाही. जीवाणूंना संततीखेरीजही वारसा देता येतो. जीवाणूंवर जगणारे काही विषाणू असतात. ते एका जीवाणूतून बाहेर पडताना त्याचे विषाचे जनुक घेऊन निघतात आणि दुसऱ्यात शिरून तेथे मुक्काम करतात. शिगा विष असेच फिरते, कॉलऱ्याचे विषही असेच फिरते. दुसरा मार्ग म्हणजे डीएनएची लहान वर्तुळे, जी दोन जीवाणू एकमेकांना चिकटून देतात-घेतात. पहिल्या घराण्याची विषे आणि प्रतिजैविकांना पुरून उरण्याची क्षमता बहुधा या वर्तुळांवर असते. मग लग्नघर कोणते? जेथे अनेक घराण्यांचे कोट्यवधी जीवाणू एकत्र येतात, जेथे त्यांना भरपूर अन्न आणि ऊब मिळते, आणि जेथे औषधांचे अंश त्यांच्यातील चिवट तेवढे निवडून काढतात ते ठिकाण. ही वर्णने सांडपाण्याच्या नाल्याला जशीच्या तशी लागू पडतात. चार इमलीपासून जवळच असलेला शाहपुरा तलाव भोवतालच्या वसाहतींच्या सांडपाण्यामुळे वर्षानुवर्षे बदनाम आहे. बंगल्यात पिण्याच्या पाण्यासाठी गाळणयंत्र असते. परंतु बंगल्यातून बाहेर पडणारे पाणी, आणि त्यासोबत प्रतिजैविकांचे न पचलेले अंश, शेवटी त्याच नाल्यांना मिळतात ज्यांत झोपडपट्टीचे पाणी मिळते.

जर्मनीतला प्रकार एकमेव असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. तसे नाही. पहिल्या आणि दुसऱ्या घराण्यांचा संकर, म्हणजे कॉलऱ्यासारखे विष आणि शिगा विष ही दोन्ही एकाच जीवाणूत असणे, हा प्रकार फिनलंडमधील रुग्णांत आणि बुर्किना फासोमधील मांसाच्या नमुन्यांत आढळला आहे. भारतासाठी हा संकर अधिक विचार करण्याजोगा आहे. पहिले घराणे आपल्या मुलांत विपुल आहे. दुसरे आपल्या गुरांच्या शेणात आणि कच्च्या मांसात संशोधकांना वारंवार सापडले आहे, जरी रुग्णांत त्याची नोंद अल्प असली तरी. दोघांच्या भेटीला फक्त एक समाईक नाला हवा. जेथे गोठ्याचे शेण आणि घरातला मैला एकाच गटारात जातो, अशी गावे आणि शहरे आपल्याकडे मोजायला बसू नये.

खरे तर संकरित वाण भारतात यायचा आहे, असे म्हणणेही बरोबर नाही. तो येऊन तीन दशके झाली. फक्त कुळ निराळे. कॉलऱ्याच्या जीवाणूने विष सोडून माणसाला मारले जाते हे प्रयोगाने दाखवले ते कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी, १९५९ साली. (त्याआधी १९५६ मध्ये त्यांनी ई. कोलायच्या काही वाणांचेही सशाच्या आतड्यावर असेच परीक्षण केले होते. या साऱ्या विषयाच्या पायाभरणीत त्यांचा वाटा किती मोठा होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी नीट सांगितले नाही.) डे यांच्या काळात बंगालमध्ये ‘क्लासिकल’ प्रकारचा कॉलरा होता: तीव्र आणि जीवघेणा. १९६१ पासून ‘एल टोर’ प्रकार जगभर पसरला. तो तुलनेने सौम्य, पण पाण्यात अधिक तग धरणारा आणि लक्षणांविना अधिक माणसांतून फिरणारा. १९९० च्या दशकापासून कोलकाता आणि बांगलादेशातील नमुन्यांत वेगळेच चित्र दिसू लागले: शरीर एल टोरचे, पण विष क्लासिकलचे. म्हणजे पसरण्याची चिकाटी एकाची आणि मारण्याची ताकद दुसऱ्याची. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात या संकरिताने मूळ एल टोरला जवळजवळ हटवले. त्याच्या विषात आणखी एक बदल झालेला वाण २००६-०७ च्या सुमारास कोलकाता आणि ओडिशातील नमुन्यांत सापडला. २०१० मध्ये हैतीमध्ये त्याच बदलाच्या विषाचा कॉलरा पोहोचला, तो संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी शांतिसैनिकांच्या छावणीतील मैला नदीत गेल्यामुळे. तेथे पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा हजार माणसे मेली.

आता आपल्या दारात येऊ. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सासष्टीतील कुटबण जेटीवर ट्रॉलरांवरच्या खलाशांत कॉलऱ्याची साथ पसरली आणि काही कामगार दगावले. झारखंड, ओडिशासारख्या राज्यांतून आलेली ही माणसे होडीवरच राहणारी, होडीवरच जेवणारी. जेटीवरची शौचालये त्यांच्या संख्येच्या मानाने अपुरी आणि पिण्याच्या पाण्याची सोय बेभरवशाची. मंत्र्यांचे दौरे झाले, ट्रॉलरमालकांना नोटिसा गेल्या. परप्रांतीय मजूर रोग घेऊन आले, असा सूरही काहींनी लावला. वाद तेवढ्यावर घालून आपण मोकळे झालो. पण कुटबण ज्या साळ नदीच्या काठी आहे ती खारेबांद ते मोबोर या टप्प्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. त्या यादीत इवल्याशा गोव्याचे ११ पट्टे होते. स्नानाच्या पाण्यासाठी मंडळाची कमाल मर्यादा १०० मिलिलिटरमागे २,५०० विष्ठाजन्य जीवाणूंची आहे. मडगावच्या गटारांनी आणि सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरचालकांच्या रात्रीच्या उद्योगांनी साळीला कोणत्या थराला नेले, हे सासष्टीकरांना सांगायला नको. पाहुणा जीवाणू आला असेल परराज्यातून. त्याच्यासाठी मांडव आपण घालून ठेवला होता.

येथे एक औषधी प्रश्न उभा राहतो आणि तो सामान्य वाचकाच्या रोजच्या सवयीशी संबंधित आहे. पोट बिघडले की फार्मसीत जाऊन नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची गोळी मागून घेणे, ही आपल्याकडची घरगुती प्रथा झाली आहे. शिगा विष वाहणारा जीवाणू पोटात असेल तर ही प्रथा उलटू शकते. नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांनी जीवाणूच्या डीएनएवर आघात झाला की त्याच्यात झोपलेला विषाणू जागा होतो, झपाट्याने वाढतो आणि त्याबरोबर विषाची निर्मितीही वाढते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. म्हणून रक्ती जुलाब आणि शिगा विषाचा संशय असेल तर तज्ज्ञ डॉक्टर प्रतिजैविके शक्यतो टाळतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांनाही नकार देतात, कारण त्यांनी विष आतच कोंडले जाते. कॉलऱ्यात नेमके उलट: तेथे योग्य प्रतिजैविक आजाराचे दिवस कमी करते. लक्षणे वरवर पाहता दोन्हीकडे ‘जुलाब’च. घराण्यांच्या जुन्या वर्गवारीवर बेतलेले उपचारांचे आडाखे संकरित वाणापुढे डळमळतात ते असे. एका गोष्टीबाबत मात्र कोणत्याही वाणात दुमत नाही: शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत जलसंजीवनीने जे करून दाखवले ते आजही तितकेच खरे आहे. रक्ती जुलाबांनंतर आठवडाभरात मूल फिकट दिसू लागले, चेहरा सुजला, लघवी कमी झाली, तर मात्र घरी थांबू नये.

आणि मग मूळ प्रश्न: अशा वाणाने गोव्यात किंवा इंदूरमध्ये शिरकाव केला, तर तो आपल्याला कळेल का? आजच्या व्यवस्थेत बहुधा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जाणाऱ्या अहवालात रुग्ण ‘तीव्र अतिसार’ या रकान्यात मोजला जातो. विष्ठेचे संवर्धन थोड्याच रुग्णांचे होते, तेही बहुधा पहिली प्रतिजैविके पोटात गेल्यावर. संवर्धनात कॉलरा किंवा टायफॉइडचा जीवाणू शोधला जातो, ई. कोलाय उगवले तर ते ‘नेहमीचे’ म्हणून बशीसह फेकले जाते. कोणत्या विषाची जनुके त्यात आहेत, हे पाहणारी चाचणी नित्याची नाही. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले आणि त्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा आतड्यातला जीवाणू सापडला. माणसे लुळी पडली म्हणून तपासणी झाली. नुसते जुलाब झाले असते तर झाली असती, असे मानण्यास आधार नाही.

जर्मनीला हा वाण काही दिवसांत ओळखता आला, त्यामागे केवळ महागडी यंत्रे नव्हती. म्युन्स्टर विद्यापीठातील प्रयोगशाळेने मूत्रपिंड-विकाराच्या रुग्णांतील जीवाणू वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. त्यांत २००१ साली एका मुलात सापडलेला ओ१०४:एच४ चा नमुना होता. तुलनेला आरसा तयार होता, म्हणून चेहरा ओळखता आला. आपण कुटबणच्या साथीसारख्या प्रसंगी आरसा बनवण्याची संधी वापरतो का, हा प्रशासनाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. कोविडच्या काळात विषाणूच्या जनुकीय क्रमवाचनासाठी देशभर प्रयोगशाळांचे जाळे उभारण्यात आले. ती यंत्रे आहेत, ती चालवणारी माणसे आहेत. अतिसाराचे नमुने तेथे नित्यनेमाने पोहोचावेत असा आदेश मात्र लागतो. कोलकात्याची, पूर्वी नायसेड या नावाने ओळखली जाणारी संस्था या विषयात जगात मान्यताप्राप्त आहे.

गोव्यासारख्या छोट्या राज्याला हे अवघड नाही, उलट सोपे आहे. बांबोळीचे गोमेकॉ हे एकच मोठे सरकारी वैद्यकीय केंद्र, दोन जिल्हा इस्पितळे आणि अंतरे अशी की विष्ठेचा नमुना कोणत्याही तालुक्यातून काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. प्रत्येक साथीतील पहिल्या आठ-दहा रुग्णांचे नमुने औषध सुरू करण्यापूर्वी घेणे, त्यांत चार-पाच विषांची जनुके शोधणे, आणि मिळालेले जीवाणू शीतपेटीत जपून ठेवणे एवढेच यासाठी करावे लागेल. मूत्रपिंड अचानक निकामी झालेल्या मुलाची नोंद आरोग्य संचालनालयाकडे अनिवार्य करण्यालाही वेगळा निधी लागत नाही.

पाण्याच्या बाजूने पाहिले तर दिलासा देणारी गोष्ट एकच, पण भक्कम आहे. जीवाणू कितीही संकरित असो, क्लोरीनपुढे आणि उकळीपुढे त्याची मात्रा चालत नाही. मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, आणि ते मोजायचे असते ते शुद्धीकरण प्रकल्पावर नव्हे, तर शेवटच्या घराच्या नळाशी. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात खरी गोम तेथेच आहे: पुरवठा बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि शेजारच्या गटारातले पाणी भेगांतून आत ओढले जाते. ओपा किंवा अस्नोडा येथील प्रकल्पातून निघालेले पाणी कितीही निर्मळ असले, तरी अखेरच्या वाड्यावर ते कोणत्या अवस्थेत पोहोचते, याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत. क्लोरीन तपासण्याचे किट स्वस्त असते आणि शाळेतल्या मुलालाही वापरता येते.

राहिला प्रश्न जेटीचा. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि खलाशांच्या तुकड्या त्याआधीच येऊ लागतात. शौचालयांची दुरुस्ती, पाण्याच्या टाक्यांची सफाई आणि नमुने घेण्याच्या साहित्याची मागणी ही कामे जून उजाडण्यापूर्वी कागदावर आली, तरच ती ऑगस्टमध्ये जेटीवर दिसतील.